जितकी हाक, तितकीच होडी

मी एक जुना पितळी भोंगा आहे, मित्रांनो, आणि हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही! खारेपाटणच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, मागे रबरी फुगा बसवला, आणि मालवणच्या कायतानने मला आपल्या होडीवर नेलं. फुगा दाबला की अख्खा किनारा दचकायचा. काय रुबाब होता माझा म्हणून सांगू!

एकदा मात्र आमची चांगलीच फजिती झाली. बाहेरच्या ट्रॉलरवाल्यांनी आमच्याच किनाऱ्यावरच्या लवूच्या मासेमारीच्या जागेत घुसखोरी केली. लवूने मदतीसाठी आपला भोंगा वाजवला नव्हता. तो गोडीगुलाबीने त्यांना वाटेला लावत होता. पण कायतानचं डोकं भडकलं. तो सहा गडी घेऊन मध्ये घुसला, बोलणं मोडलं, दगड उडाले आणि फाटलं ते लवूचंच जाळं. मग किनाऱ्यावरच्या मंडळींनी बसून ठरवलं, की ज्याच्यावर धाड आली त्याचा भोंगा वाजला तरच जायचं, तो मागेल तेवढंच करायचं, आणि निघतानाच मच्छीमार मंडळाला कळवायचं. मंडळाने प्रकरण हाती घेतलं की मुकाट्याने मागे फिरायचं. कायतानने तो नियम पुढे कधी मोडला नाही.

मोबाइल आले आणि मी गेलो पोटमाळ्यावर. माझ्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. वाईट वाटायचं हो!

यंदा कायतानची नात वेनेसा वकिलीच्या कॉलेजातून लुटुपुटूच्या न्यायालयाच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली. खटला असा: एका बलाढ्य देशाने छोट्या देशावर स्वारी केली, तिसऱ्या देशाने त्या छोट्याला शस्त्रं धाडली आणि सैनिकही धाडले. हे कायद्यात बसतं का? वेनेसा तिसऱ्या देशाची वकील. तिच्या बाबाने, अ‍ॅलनने, मुंबईत काकाच्या ऑफिसात तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. हरलीस तर वकिली पुरे, असं त्याने बजावलं होतं.

ती ओसरीवर सराव करत होती. शेजारी संकटात असताना बोलावण्याची वाट कसली बघायची, असं ती तावातावाने म्हणाली आणि कायतान उठला. त्याने मला खाली काढलं, फुगा दाबला, मातीचा गोळा उडाला आणि मी कितीतरी वर्षांनी ओरडलो! मग त्याने तिला लवूच्या जाळ्याची गोष्ट सांगितली.

"तुझ्या देशाक बोलावल्यान कोणी?" त्याने विचारलं.

वेनेसाने कागद उपसले. छोट्या देशाचं पत्र सापडलं: शस्त्रं द्या, दारूगोळा द्या, लढायला आमची माणसं आहेत. सैनिक मागितलेच नव्हते! तिचा चेहरा पडला. अर्धा खटला हातचा गेला होता.

"जितकी हाक, तितकीच होडी," कायतान म्हणाला. "बाकीची तुझी नाय."

दुसऱ्या दिवशी तिने मलाही पिशवीतून नेलं. समोर बलाढ्य देशाचा वकील, वैभववाडीचा सर्वेश, मोठा बोलघेवडा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला यांना सांगितलं कोणी, शस्त्रं काय नि सैनिक काय, सगळा एकच आगाऊपणा, असं तो दणक्यात बोलला. टाळ्या पडल्या. माझा फुगा घट्ट झाला.

वेनेसा उठली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं एक्कावन्नावं कलम तिने वाचलं: हल्ला झालेल्या देशाला स्वतःला वाचवायचा हक्क आहे, इतरांना त्याच्या बाजूने उभं राहता येतं, पण सुरक्षा परिषदेला लगेच कळवावं लागतं. आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणतं, त्याच्या बाजूने लढायला उतरायचं तर त्याने तशी मदत मागितलेली हवी. मग तिने ते पत्र पुढे ठेवलं. शस्त्रं मागितली म्हणून दिली, ते योग्य. सैनिक न बोलावता गेले, ते चुकलं.

"तुम्ही आपलाच अर्धा खटला सोडताय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"जो माझा नाही, तेवढाच सोडतेय."

सर्वेशची सगळी भिस्त दोन्ही गोष्टी एकाच दोरीत बांधण्यावर होती. दोरीच तुटली. वेनेसा जिंकली, मित्रांनो, जिंकली! मला तर पिशवीतच वाजावंसं वाटलं.

निकाल ऐकायला आलेला अ‍ॅलन बाहेर तिच्याजवळ आला. मुंबईची नोकरी त्याने मायेनेच बघितली होती, पण पोरीने ती मागितली नव्हती.

"तुका काय व्हया ता सांग," तो म्हणाला. असं त्याने आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"माका शिकूक दी. फुडचा माझा मी बघतंय."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी संकटातल्या माणसाला तोंड उघडू द्या. तो काय मागतो ते पुरतं ऐका, आणि मग तेवढ्यासाठी जीव तोडून धावा.