मोठा हॉल आमचाच

आमच्या एल्म फोर्क गावाची एक रीत आहे. अध्यक्षाच्या निवडणुकीचं वर्ष आलं की फेब्रुवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी दोन्ही पक्षांची माणसं आपापला उमेदवार ठरवायला जमतात, आणि जमतात एकाच शाळेत. आम्ही डेमोक्रॅट खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये आणि रिपब्लिकन बालवाडीच्या वर्गात. ते असायचेच किती? दोन बँकवाले, डॉक्टर, विम्याचा एजंट आणि एखादा बायकोच्या धाकाने आलेला. बिचारे चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. आम्ही जाता-येता दारातून डोकावायचो आणि विचारायचो, "काय, दूध पिऊन झालं का?"

आमची सभा चालवायचा माझा थोरला भाऊ माइलो. मांसाच्या कारखान्यात युनियन उभी केली ती त्याने. मागच्या उन्हाळ्यात तो गेला, आणि यंदाची, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सालची सभा वहिनीने अंगावर घेतली. व्हर्ना वहिनी शाळेत शिकवून निवृत्त झालेली, गावाची टॉलेफसन बाई. निम्म्या गावाने तिच्या हातची छडी नाही, तरी बोलणी खाल्लेली. तिने मनाशी एकच धरलं होतं. माइलोच्या जागी उभं राहून पहिला प्रस्ताव त्याच्या मुलाने, लोरेनने मांडायचा. बापाची गादी म्हणा हवं तर. आम्ही राजेशाहीच्या विरुद्ध, पण घरात चालते.

दुपारी खुर्च्या मांडताना मी म्हणालो, "वहिनी, दोनशे कशाला? पन्नास पुरेत."

"मागच्या खेपेला माणसं भिंतीला टेकून उभी होती, आर्लो. विसरलास?"

विसरलो नव्हतो. पण मधल्या चार वर्षांत कारखान्यातला संप मोडला होता, पगार निम्म्यावर आले होते, आणि कारखान्यामागच्या पत्र्याच्या गोदामात एक नवं चर्च सुरू झालं होतं. रविवारी त्यांच्या गाड्या हमरस्त्यापर्यंत लागायच्या. आम्ही म्हणायचो, चार दिवसांचं खूळ आहे. मी मुकाट्याने दोनशे खुर्च्या मांडल्या. वहिनीने कॉफीचं मोठं भांडं लावलं आणि लिंबाच्या वड्यांची ताटं भरून ठेवली.

सात वाजले तेव्हा हॉलमध्ये अकरा माणसं होती. त्यातलीही दोघं शेजारच्या कॉलेजात शिकवणारी, हेन्ली नवरा-बायको. गावात येऊन दोन वर्षं झाली तरी इथल्या कॉफीला नावं ठेवणारी. बाकी आम्ही म्हातारे, एवढ्या खुर्च्यांत एकमेकांपासून लांब लांब बसलेलो.

"लोरेनची कारखान्यातली पाळी सुटायला उशीर होतो," वहिनी म्हणाली. "थांबू या थोडं."

थांबलो. हॉल आणि वर्गांमधल्या बोळातून पावलं वाजायची. बर्फाचे बूट, पुष्कळ बूट. दर वेळी वहिनी हसरा चेहरा करून दाराकडे बघायची आणि पावलं पुढे निघून जायची, बालवाडीकडे. यंदा त्यांच्या बाजूला टीव्हीवर प्रवचन करणारा एक उमेदवार होता, आणि अख्खं चर्च त्याच्यासाठी लोटलं होतं. वर्ग केव्हाच भरला. मग बोळ भरला. लहान मुलं रडायला लागली, कोणीतरी "अहो, ढकलू नका ना!" म्हणालं.

हेन्ली म्हणाला, "मेंढरं निघाली वाटतं."

आम्ही हसलो. एवढा वेळ कोणीच हसलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच हसलो. वहिनीला चेव आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ती म्हणाली, "टीव्हीवरून मेंढपाळाने शिट्टी मारली ना! डोकं घरी ठेवून यायचं, एवढंच काम!"

दार उघडंच होतं, आणि दारात लोरेन उभा होता.

"ये, ये!" वहिनी उठलीच. "तुझ्यासाठीच थांबलोय. इकडे पुढे ये."

तो आला नाही. टोपी हातात घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला. "आई, एक विचारायचं होतं. तिकडे माणसं मावत नाहीयेत. म्हाताऱ्या बायका उभ्या आहेत. हा हॉल… तुम्ही अकराच जण आहात, तर…"

वहिनीला कळायला वेळ लागला. मला तिच्या आधी कळलं आणि मी नजर फिरवली.

"तू तिकडचा?" ती म्हणाली.

"हो."

"तुझा पगार निम्मा झाला तेव्हा टाळ्या पिटणारा पक्ष तो! आणि तू तिथे? माइलोचा मुलगा?"

"संपाच्या वेळी तुमचे पुढारी आले, आमच्याबरोबर फोटो काढले आणि गेले, आई. चर्चचा पास्टर रोज सूप घेऊन फाटकाशी उभा असायचा. उणे वीस अंशांत."

"सुपाच्या वाटीवर मत विकलंस?"

हे तिने बोलायला नको होतं. लोरेनचे कान लाल झाले. लहानपणी मार खाताना व्हायचे तसे. पण तो चिडला नाही.

"तुलाच बरं पाठवलं त्यांनी," वहिनी म्हणाली. "दुसरं कोणी मिळालं नाही?"

"कोणी यायलाच तयार नव्हतं. सगळे तुझे विद्यार्थी. तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती त्यांना."

"आणि तुला नाही वाटली?"

"वाटली ना. आत्ता ऐकलं ते ऐकून जास्त वाटली."

हेन्ली आपल्या कपात बघत होता. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं, कारण मीसुद्धा दात काढून हसलो होतो, आणि पोराने ते ऐकलं होतं. मेंढरं कोणाला म्हणालो आम्ही? ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याला.

वहिनीने आपले कागद गोळा केले. "घ्या हॉल," ती म्हणाली. "आर्लो, कॉफी राहू दे त्यांना. थंडीतून आलेत."

आम्ही अकरा जण बोळात आलो. माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. सगळे ओळखीचे. माझ्या बरोबरीने कारखान्यात सुरी चालवलेले हात, वहिनीने अक्षरं शिकवलेली तोंडं. कोणी वर बघेना. शिव्या दिल्या असत्या तर वहिनी ताठ मानेने गेली असती. पण पास्टर भला माणूस. तो म्हणाला, "टॉलेफसन बाईंसाठी एकदा टाळ्या होऊ द्या!" आणि त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. वहिनीचा चेहरा मला बघवेना.

लोरेनपाशी आल्यावर ती थांबली. त्याच्या कोटाची कॉलर उगाच नीट केली. "रविवारी जेवायला या, तू आणि सूनबाई," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या आवडीचं भाजते डुकराचं मांस."

"रविवारी चर्च असतं, आई."

"मग चर्चनंतर या. मी थांबेन."

"नंतर तिथेच जेवतो आम्ही," लोरेन म्हणाला. "बाबा गेल्यापासून तिथेच जेवतोय."

माझं घर त्याच्या घरापासून चार दारं सोडून आहे. मलाही हे ठाऊक नव्हतं.