राहिलेला निरोप

प्राध्यापकांनी रेकॉर्डर बंद केला आणि कोमट पाण्याचा पेला बाबांच्या पुढ्यात सरकवला.

"मध घातलेला आहे. कंठास आराम पडेल. प्राशन करावे."

मागच्या बाकावर बसलेल्या बाबांच्या लेकीला, घाईला, हसू आवरेना. हा माणूस 'घोटभर प्या' म्हणत नाही, 'प्राशन करावे' म्हणतो! कुठल्याशा लांबच्या देशात पुस्तकांतून ही भाषा शिकलो, असं ते सगळ्यांना सांगत, आणि ते खरंच वाटे. भाजी घेताना, भांडताना, पोराला हाक मारताना जी भाषा तोंडात बसते, ती त्यांच्या तोंडात नव्हतीच.

"नंतर घेतो," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

घाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी दोन्ही पाय एकाच चपलेत घालून ती पळायला निघायची, म्हणून बाबांनी ते ठेवलं, आणि आता दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत. चौकात तिचं केस कापायचं दुकान होतं. आज भर दुपारी ते बंद ठेवून ती आली होती, कारण बाबांनी सकाळी चहा पिता पिता सांगितलं होतं, "आज शेवटची बैठक. तू चल बरोबर." बाबा असं कधी सांगत नसत. कुठेही निघाले की "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून एकटेच चालू लागायचे.

खोली मठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड राखाडी कापड लावलेलं. खिडकीतून खालचा रस्ता दिसायचा, गाड्या दिसायच्या, पण ऐकू काहीच यायचं नाही. घाईला ती खोली आल्यापासून आवडली नव्हती. इथे माणूस ओरडला तरी बाहेर कळायचं नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिने स्वतःलाच दटावलं.

मठाची प्रार्थना कागदावर उतरवायची नाही, तोंडातून कानात द्यायची, अशी तिथली रीत. मोठी प्रार्थना सगळ्या शिष्यांना यायची, पण शेवटच्या पाच ओळी गुरुजी एकेका शिष्याला एकेक देत. त्या पाचही ओळी एका तोंडी आल्या की गादी त्याची. बाबांच्या गुरुजींचे शिष्य पाच. चौघांना ओळी मिळाल्या आणि त्याच आठवड्यात गुरुजी संध्याकाळी जिन्यावरून पडून गेले. पाचवा शिष्य, ज्याला सगळे धाकटा म्हणत, तोही त्या दिवसापासून दिसला नाही. नदीकाठी त्याचे कपडे सापडले. गुरूच्या दुःखाने पोराने जीव दिला, म्हणून लोक हळहळले. गादी तेव्हापासून रिकामी होती.

आणि आता, चौघे पार म्हातारे झाल्यावर, हे प्राध्यापक आले. विद्येला वंदन करावं असा माणूस. आपल्यामागे हे सगळं बुडून जाणार, या काळजीने झुरणाऱ्या म्हाताऱ्यांना तो देवासारखा भेटला. तिघांनी आपापली ओळ त्याला दिली. तिघेही गेले, बैठका संपल्यावर, एकामागून एक. एक झोपेत, एक जेवता जेवता, एक बागेतल्या बाकावर. वयंच तशी होती. घाई तिन्ही घरी जाऊन रडून आली होती आणि तिच्याही मनात काही आलं नव्हतं.

उरले बाबा. शिष्यांमधले सगळ्यांत मोठे, म्हणून थोरले.

"आपण प्रथमपासून म्हणावे," प्राध्यापक म्हणाले. "म्हणजे शेवटची ओळ ओघात येईल."

त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. कानांना हेडफोन लावून त्यांनी डोळे मिटले आणि बोटाने टेबलावर ताल धरला. बाबा म्हणू लागले. घाईच्या समोर दोघांच्या पाठी होत्या, आणि दिवसभर लोकांच्या मानाच बघायची सवय असल्यामुळे ती सहज दोन्ही माना बघत राहिली. बाबांची मान बारीक, सुरकुतलेली. प्राध्यापकांचे केस मागून चांगले कापलेले. कुणी कापले असतील, असा तिने उगाचच विचार केला.

"वाट तुझी, दिवा तुझा, दारी उभा..."

या ओळीपाशी घाईला घरी नेहमी गंमत वाटायची. चाल अशी आहे की 'दारी मी उभा' असंच तोंडात येतं. पण ओळीत 'मी' नाही. गुरुजी शिष्यांच्या मागे बसायचे आणि कुणी तो 'मी' घुसडला की उजव्या कानामागे अशी टिचकी मारायचे की डोळ्यांत पाणी यायचं. वर्षानुवर्षं खाल्लेल्या त्या टिचकीने चौघांच्याही अंगाला एक खोड लागली होती. 'दारी' म्हटलं की क्षणभर थांबायचं, उजवा खांदा वर, कान खाली, आणि मग 'उभा'. "बाबा, आता कोण मारतंय?" असं ती चिडवायची. बाबा म्हणायचे, "अगं, मान ऐकत नाही."

"दारी..."

बाबांचा उजवा खांदा वर गेला, कान झुकला. आणि शेजारच्या, नीट केस कापलेल्या मानेनेही त्याच क्षणी तेच केलं.

पुस्तकातून शिकलेल्या माणसाला ती टिचकी कशी ठाऊक असेल? ती फक्त त्या एका खोलीत, त्या एका माणसाकडून मिळायची. खाणारे पाच जण होते. तिघांना तिने स्वतः शेवटचं पाहिलं होतं. चौथे समोर बसले होते.

ती उठली. बाक करकरला.

"बाबा, गोळी राहिली तुमची. चला, पाण्याने घ्या. बाहेर नळ आहे."

"इथे पेयजल आहेच की," प्राध्यापक डोळे उघडून म्हणाले.

"त्यांना नळाचंच लागतं."

तिने बाबांचा दंड धरून त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. बेसिनपाशी तिने नळ मोठा सोडला.

"बाबा, तो धाकटा आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या बैठकीपासून. मान झुकली ना त्याची." बाबांनी गार पाण्याचा हात डोळ्यांवरून फिरवला. "तोवर आपले तिघे गेले होते गं. आधी कळलं असतं तर त्यांना उंबरठाही ओलांडू दिला नसता."

"आणि गुरुजी?"

नळ वाहत राहिला.

"अहो, मग पोलिसात जायचं! तुम्ही इथे येऊन प्रार्थना काय म्हणताय त्याच्यासमोर?"

"काय सांगू पोलिसांना? एका माणसाने मान तुकवली म्हणून धरा?"

"मग घरी चला. आत्ताच्या आत्ता. ओळ दिली की तुम्ही संपलात, कळतंय का तुम्हाला? त्याला ओळ हवीय, तोवरच तुम्ही आहात." तिचा आवाज फुटला. तिला रडायचं नव्हतं, पण रडू आलंच. "मला दुसरं कोण आहे, बाबा?"

बाबांनी ओल्या हातानेच तिचं डोकं थोपटलं.

"घरी गेलो तर तो घरी येईल. आणि मला त्याला एक निरोप द्यायचाय. गुरुजींचा. इतकी वर्षं मेलेल्या माणसाला द्यायचा राहिलेला निरोप म्हणून छातीत घेऊन हिंडलो. तो जिवंत निघाला. वाटलं, आपणहून काही बोलेल, मग सांगू. नाही बोलत तो. आज सांगून टाकतो."

"गेला तो निरोप खड्ड्यात!"

"घाई," बाबा म्हणाले, "आज मुद्दाम तुला आणलंय. तुझ्यासमोर सांगितलं म्हणजे मला घाबरायला होणार नाही."

तिने नळ बंद केला आणि नाक पुसलं.

आत गेल्यावर ती मागे बसली नाही. खुर्ची ओढून बाबांना खेटून बसली. पेला तिथेच होता. तिने तो उचलून खिडकीतल्या कुंडीत रिता केला.

"हे काय?" प्राध्यापक म्हणाले.

"माशी पडली होती."

"मला तर दिसली नाही."

"मला दिसली."

प्राध्यापक तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, मायेने बोलावं तसे बोलले. "आपली कन्या फार दक्ष आहे. दुकानातून परतताना मात्र ती मागच्या बोळातून येते, नाही का? तिथला दिवा कित्येक दिवस बंद आहे. काळजी वाटते." त्यांनी रेकॉर्डरकडे हात नेला. लाल दिवा पुन्हा लागला. "आता ओळ. आपल्या मागे ती लुप्त झाली तर दोष आपल्या माथी येईल."

घाईने बाबांचा हात घट्ट धरला. तो तिच्या हातापेक्षा गरम होता.

"धाकट्या," बाबा म्हणाले.

प्राध्यापकांचं बोट बटणावरच राहिलं.

"आपला काही गैरसमज..."

"मान खाली जाते तुझी, 'दारी' आलं की. माझीही जाते. काय करणार, टिचक्याच तशा होत्या त्यांच्या."

प्राध्यापकांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, आणि बोलले तेव्हा त्यांची ती इस्त्रीची भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"कळलंय ना? मग बरं झालं. दोन्ही ओळी दे. तुझी आणि पाचवी. त्याशिवाय तुम्ही दोघं इथून जात नाही."

"माझ्याकडे एकच आहे."

"खोटं. तू लाडका होतास त्यांचा. पाचवी तुलाच दिली असणार."

"बाबांना खोटं बोलता येत नाही हो," घाई तडकली. "येत असतं तर आमचं जरा बरं चाललं असतं!"

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो बाबांकडेच झुकला होता. दाढीमागचा चेहरा एकाएकी पोरासारखा दिसत होता, रुसलेल्या, हट्टी पोरासारखा.

"चौघांना दिली. एकेकाला बोलवून, जवळ बसवून. मी दाराशी उभा. सगळ्यांत जास्त पाठ मला होतं, थोरल्या, तुम्हा चौघांपेक्षा जास्त. मग एका संध्याकाळी मी वर गेलो. म्हटलं, आता मला द्या. तर मला 'नको' म्हणाले. जिन्यात उभं राहून, असा हात हलवून. 'नको.'"

"'आज नको' म्हणाले असतील," बाबा म्हणाले.

"काय?"

"घसा बसला होता त्यांचा. दिवसभर आवाज फुटत नव्हता. पहिला शब्द तुला ऐकूच आला नसेल." बाबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "दुपारी मला जवळ बोलावून कानात सांगितलं त्यांनी. धाकट्याला निरोप दे. म्हणावं, उद्या सकाळी आंघोळ करून ये. पाचवी त्याची आहे. चौघांना मी ओळी वाटल्या, त्या त्याच्यासाठी नीट सांभाळाव्यात म्हणून. आवाज लागला की सगळ्यांत आधी त्याला जवळ बसवणार."

प्राध्यापक हलले नाहीत. लाल दिवा जळत होता. त्यांचा हात रेकॉर्डरकडे गेला, वाटेतच थांबला, आणि टेबलावर तसाच पडून राहिला.

"म्हणजे ती ओळ..."

"गेली. त्यांच्याबरोबरच गेली. कुणालाच नाही ठाऊक."

घाईने बाबांना काखेत हात घालून उठवलं. आता हा दाराशी आडवा येईल, काहीतरी उचलेल, म्हणून तिची नजर त्याच्यावरून हटत नव्हती. तो बसूनच होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिने कडी काढली. बाहेरून कुणाच्या तरी चालण्याचा, बोलण्याचा साधा आवाज आत आला आणि तिला एकदम श्वास घेता आला.

"थोरल्या."

बाबा दारात थांबले. घाईने त्यांची बाही ओढली, तरी थांबले.

"मग दुपारीच का नाही दिलास मला निरोप?"

बाबांनी चौकटीला हात टेकला.

"आलो होतो रे. पुन्हा पुन्हा आलो, संध्याकाळपर्यंत. शेवटी धावतच आलो. तू खोलीत नव्हतास, जिन्यात होतास."