चहाची कसोटी

शनिवारी वाचनालयात जमणाऱ्या टोळीला पोलिसाची कादंबरी सुचवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या मंडळींना हवा खासगी गुप्तहेर. एकटा, फाटका, प्रकरणागणिक मार खाऊनही जिभेची धार न सोडणारा. पोलीस त्यांच्या लेखी एक तर विकला गेलेला, नाही तर सगळं आटोपल्यावर गाडी घेऊन येणारा.

आणि ग्रंथपालबाईंनी नेमकी पोलिसाचीच कादंबरी काढली, कारण ती त्यांच्या वडिलांची होती. उभी हयात पोलिसात काढलेल्या त्या माणसानं टोपणनावानं लिहिलेल्या या पहिल्या पुस्तकाला कुत्रंही विचारत नव्हतं. दुसरं अर्धवट पडलं होतं. सकाळीच ते म्हणाले होते, "त्या टोळीलाही नाही आवडलं, तर लिहिणं बंद. आणि लेखक कोण ते सांगायचं नाहीस. मला भीक नको."

टोळीचा नियम अजब होता. सगळ्यांपुढे वाफाळता चहा ठेवायचा आणि पुस्तक वाचून दाखवायचं. कुणी घोट घेतला की पुस्तक बाद! काडतूसकाका, म्हणजे निवृत्त बसचालक, यांनी एकेका घोटात भल्याभल्या लेखकांना घरी पाठवलं होतं.

"यातला फौजदार फार कडक आहे हं," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "ठोसे काय, शिव्या काय..."

"बाई, पुस्तक सुचवताय की भाजी विकताय?" टोळीतले दंतवैद्य हसले. काडतूसकाकांचा हात कपाकडे गेला.

बाईंना स्वतःचाच राग आला. बापाचं पुस्तक खपवायला बापालाच बदलून टाकायचं?

"खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "हा कुणाला मारत नाही. दार वाजवतो आणि थांबतो. ऐका."

आणि त्या वाचू लागल्या. फौजदार एका म्हातारीला तिचा मुलगा गेल्याचं सांगायला आलेला. तो तोंड उघडण्याआधीच ती म्हणते, बरं झालं आलात, तेवढा नळ घट्ट करा, मुलाला वेळच होत नाही. फौजदार बाह्या वर सारतो. नळ घट्ट करतो. गरज नसताना पुन्हा करतो. मग हात पुसतो आणि म्हणतो, "आई, जरा बसा."

बाई थांबल्या. कुणीच हललं नव्हतं. चहावर साय धरली होती.

"एक ठोसा नाही," दंतवैद्य पुटपुटले, "तरी लागलं."

काडतूसकाकांनी नाक शिंकरलं आणि पुस्तक बाईंच्या हातातून चक्क ओढून घेतलं. "हे मी नेतोय. ह्या माणसाचं दुसरं आहे का?"

"येतंय," बाई म्हणाल्या, आणि मंडळी पांगताच घराकडे जवळजवळ पळतच निघाल्या.

वडील दारातच उभे होते. पुस्तकाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"चहा घेतला का मंडळींनी?"

"घेतला की. पण पुन्हा गरम करून."

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, आत जाऊन लिहायच्या टेबलाशी बसले आणि तिथूनच ओरडले, "माझा चहा इथंच आण गं. गार झाला तरी चालेल."