चौथा तारा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संशोधिकेला कळलं, की चौथा तारा हा तारा नाही.

त्याच्या प्रकाशाचा वर्णपट संगणकावर आला होता. प्रबंधातल्या एका तळटीपेसाठी तिने तो मागवला होता. अखंड पट्टा दिसायला हवा होता, तिथे तापलेल्या वायूच्या चार रेघा. म्हणजे हा ठिपका, ती ज्याचा अभ्यास करत होती त्या महाकाय ताऱ्यानेच स्फोटात बाहेर फेकलेल्या वायूच्या कवचातली एक गाठ होता आणि इतर गाठींसारखाच बाहेर पळत होता.

ऐंशी वर्षांपूर्वी दुर्बिणीतून काचेवर घेतलेलं छायाचित्र आणि आजचं चित्र एकमेकांवर बसवायचं, गाठी किती सरकल्या ते मोजायचं आणि उलट जाऊन स्फोट कधी झाला ते काढायचं, हे तिचं काम. बसवायला न हलणारे तारे लागतात. त्या काचेवर चारच होते, शाईने गोल केलेले. त्यातला एक हलत असेल तर सगळं चित्र सरकतं. एका बाजूच्या गाठी मंद भासतात, म्हणजे स्फोट जुना वाटतो; दुसऱ्या बाजूच्या वेगवान, म्हणजे अलीकडचा.

चौथा वगळून तिने तीनदा गणित केलं. साडेसहाशे आणि चारशे वर्षांपूर्वीचे दोन स्फोट उरलेच नाहीत. पाचशेच्या आसपास एकच निघाला. प्रबंध दोन स्फोटांवर होता. आठ वर्षांचं काम. प्रबंध द्यायची मुदत आज सहापर्यंत. आणखी वाढ मिळणार नव्हती.

तिने थोरल्या बहिणीला फोन लावला.

“दे की गं तसाच!” ताई म्हणाली. “तिकडे मोजायला कोण जातंय?”

“मी मोजलंय ना, ताई.”

पाच वाजता ती मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी वर्णपट पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“आठ वर्षांत आजच सुचलं तुला?”

“ते गोल कुणी काढले होते, मॅडम?”

“मी. तुझ्याएवढी होते तेव्हा. माझा प्रबंधही त्याच चारांवर उभा आहे.”

“मग मी काय करू? सांगा ना! पाया पडते तुमच्या.”

“ओरडू नकोस. बस.”

ती बसली नाही. तिने टेबलावर दोन कागद ठेवले: प्रबंध बरोबर असल्याचा दाखला आणि तो मागे घेण्याचा अर्ज. मागे घेतला की नोंदणी रद्द. दोन्हींवर मॅडमची सही लागत होती.

पाच बावन्नला विद्यापीठाच्या कार्यालयातून कारकुनाचा फोन आला. “येताय, की कुलूप लावू?”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं होतं. सहीची जागा दोन्ही कागदांवर रिकामी होती.