जैनबखालांची निवडलेली डाळ

पहाटेची, फजरची अजान विरून गेली की समोरच्या घरातून स्टीलच्या ताटात डाळ ओतल्याचा आवाज येई. आधी दाणे पसरल्याची सरसर, मग बोटांची मंद चाळवाचाळव आणि मध्येच एखादा क्षण अगदी निःशब्द. जेद्दातल्या अल अझीझिया भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत त्या प्रहरी एसीची घरघर सोडली तर दुसरा ध्वनी नसे, आणि म्हणूनच ती सरसर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट ऐकू येई. चहाचं आधण ठेवता ठेवता मी दार उघडून पाही, तर त्यांचंही दार उघडंच असे. खिडकीतून येणारा कोवळा, धुळकट प्रकाश मांडीवरच्या ताटात साचलेला आणि त्यावर झुकलेल्या जैनबखाला. त्या खडे शोधत असत.

खडे त्यात नसतच. सुपरमार्केटमधली डाळ ती, यंत्रानं लखलखीत केलेली. मी एकदा चेष्टेनं म्हटलंही, "खाला, रोज एवढी झडती घेता, डाळ घाबरून न शिजताच बसेल हो!" त्या हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्यांचं जाळं पसरे. "खडो नाय, ता मना पन ठावं हाय, बाय," त्या म्हणाल्या. "पन बघितल्याबिगर चुलीवर ठेवायची नाय." आणि पुन्हा मान खाली.

दृष्टी अधू झालेली, त्यामुळे निवडण्याचं काम डोळ्यांपेक्षा बोटांचंच अधिक होतं. कोपरापर्यंत खोचलेल्या बाह्या, मनगटात सैल झालेली एकच चांदीची बांगडी, आणि त्या कृश हातांत अशी काही एकाग्रता, की इबादत अजून संपलेलीच नाही असं वाटावं. रत्नागिरीच्या खाडीकाठचं गाव सोडून त्या नवऱ्यामागून इथे आल्या, त्याला इथल्याच मातीत ठेवलं, आणि आता मुश्ताकसाठी, एकुलत्या मुलासाठी, रांधत होत्या. मुश्ताक मजुरांच्या एका कँपातल्या स्वयंपाकघरावर सुपरवायझर होता. बायको-पोरं गावी, शाळेपायी. तिथली चूल त्याच्या एकट्याच्या पगारावर पेटत होती.

मी इथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवते. सिंहासनं, घोषणा, तोफा, जळणारे राजवाडे. बंडांचे धडे मुलांना आवडतात, कारण त्यात पळापळ असते. मला मात्र वर्षानुवर्षं त्या धड्यांतल्या क्षुल्लक वस्तूच अधिक खुणावत आल्या: कुठे महागलेला पाव, कुठे दाताने तोडायचं काडतूस, कुठे चिमूटभर मीठ. साम्राज्यं इतकी अवाढव्य, आणि त्यांना पहिला तडा जातो तो माणसाच्या तोंडाशी आलेल्या घासावरून. हे मी वर्गात बोलून दाखवते, तेव्हा मुलं घड्याळाकडे बघतात.

खालांनी मात्र ऐकून हातातलं ताट खाली ठेवलं होतं. त्यांचे वडील गोऱ्यांच्या आरमारात खलाशी होते. सेहेचाळीस सालचा फेब्रुवारी. मुंबईच्या नाविकतळावर पानात पडणाऱ्या डाळीत खडे असत, आणि तक्रार केली तर वर शिव्या. एका सकाळी पोरांनी ताटं बाजूला सारली, अन्नाला कुणी शिवलं नाही. पाहता पाहता जहाजांवरचे झेंडे उतरले, धक्क्यांवर तोफांचे आवाज झाले, आणि अन्न कोंडलेल्या त्या पोरांसाठी शहरातली माणसं डबे घेऊन समुद्रावर धावली. ते दिवस थोडेच होते. मग सगळं निवलं. कुणीतरी साहेबाला नावं सांगितली आणि खालांच्या वडिलांना एकेरी तिकीट हातावर ठेवून घरी धाडण्यात आलं. बंदरावर उतरले तेव्हा न्यायला कुणी आलं नव्हतं. गाव म्हणालं, काढून टाकलेला. स्वराज्य आलं, तरी त्यांना परत कुणी बोलावलं नाही. ते घरात त्या दिवसांविषयी एक अक्षर बोलत नसत. फक्त चुलीवर जाण्याआधी डाळ स्वतः निवडत. लहानग्या जैनबला जवळ बसवून निवडत.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, समुद्रावरून जरा सुखद वारा येऊ लागला होता तेव्हा, मुश्ताक एका संध्याकाळी चेहरा पाडून आला. कँपात मजुरांनी दोन्ही वेळची ताटं न शिवता परत केली होती. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. दीडदोनशे माणसं नुसती हात बांधून बसली होती. मॅनेजरला पुढाऱ्यांची नावं हवी होती. त्याने बजावलं होतं: शनिवारपर्यंत नावं दे, त्यांच्या पासपोर्टवर खुरूज, कायमच्या परतीचा शिक्का, मारून घरी पाठवतो. नाहीतर तुझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नाही. मी तेव्हा खालांकडेच बसले होते.

"नावं मना ठावं हायत," मुश्ताक जमिनीकडे बघत म्हणाला. "काय करू, अम्मी? पोरांची फी हाय."

खालांनी मान वर केली. मग एवढंच विचारलं, "तू चाखलंस काय ता जेवन?"

त्याने नकारार्थी मान हलवली. सुपरवायझरांचं जेवण वेगळं येई.

"उद्या येताना त्या गोणीतली दोन मुठी डाळ आन."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो घरी आला, तेव्हा त्यांनी मलाही जेवायला थांबवून घेतलं. सकाळी सरसर ऐकू आली नव्हती, हे मला तेव्हा उमगलं. मुश्ताकने आदल्या रात्री आणलेली ती डाळ त्यांनी तशीच, न निवडता, शिजवली होती. वर लसणाची फोडणी, कडेला लोणचं, शुभ्र भात; कशातही कसूर नाही. पहिला घास त्यांनी स्वतः घेतला, सावकाश चावला, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मग मुश्ताकने घेतला. दाढेखाली खडा फुटल्याचा तो आवाज मला समोर बसून ऐकू आला. त्याने दुसरा घास घेतला. पुन्हा तोच आवाज.

खरं सांगते, क्षणभर मला खालांचा राग आला: आई असून मुलाच्या पानात खडे! मुश्ताकने ताटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने ताट हळूच बाजूला सारलं. आपल्या आजोबांना त्याने उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. खालांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळलं.

शनिवारी त्याने मॅनेजरला सांगितलं, नावं नाहीत. जेवण वाईट आहे, मी स्वतः खाल्लंय. दोन महिन्यांनी त्याचा इकामा संपला. कँपातली डाळ बदलली की नाही, ते मला कधीच कळलं नाही. त्यातला एकही मजूर मात्र त्या कारणाने घरी गेला नाही, एवढं मुश्ताककडून कळलं.

निघायच्या दिवशी जिन्यात दोरीने बांधलेली खोकी रचलेली होती. मुश्ताक खिन्न उभा होता, तिकीट एकेरी होतं. खालांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माजो बाबा आयलो तवा बंदरावर कोन नव्हता," त्या म्हणाल्या. "तुजे सांगाती मी हाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी माझा चेहरा बोटांनी चाचपला, रोज डाळ चाचपत तसाच, आणि जिना उतरू लागल्या.

गेल्या रमजानात त्या गेल्या. मुश्ताकचा फोन आला होता. तो आता गावच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, ओढाताण आहे, चाललंय म्हणाला. समोरच्या घरात आता इजिप्तहून आलेलं एक मिसरी कुटुंब राहतं. अजान विरते, खिडकीत तोच धुळकट उजेड येतो, आणि आता तिथून कसलीच सरसर येत नाही. मी माझ्या ओट्यावर डाळ पसरते. खडे नाहीत हे ठाऊक असूनही बोटं दाण्यांवरून फिरत राहतात, आणि वाटतं, काळ माणसांना नेतो, त्यांची बंडंही हरलेली म्हणून मिटवून टाकतो. पण त्यांनी एकदा बाजूला सारलेलं ताट काळालासुद्धा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवता येत नाही.