डोळ्यावर शिवलेली गुंडी

मित्रांनो, शर्टाच्या गुंडीला भोकं असतात ना, तशी मलाही आहेत. फरक एवढाच की मला कापडावर नाही, एका बाईच्या डोळ्यावर शिवलेलं आहे. समोर नव्हे, पार मागच्या बाजूला, जिथे आरसा पोचत नाही. टँटलम नावाच्या करड्या, जड धातूची मी चकती. तिळाहून जराशी मोठी असेन, आणि आता चांगलीच जुनी.

आमचं मूळ खाणीतल्या काळ्या दगडात. तिथे आमच्यासोबत नायोबियम नावाचा धातू असतो, अगदी जुळ्या भावासारखा. आम्हा दोघांना वेगळं करताना माणसांच्या नाकी नऊ येतात. एकदा वेगळे झालो की मात्र आमचा स्वभाव कळतो. जळजळीत आम्लात बुडवा, आम्ही ढिम्म. म्हणून आमची काही भावंडं रसायनांच्या कारखान्यात टाक्यांना अस्तर झाली. काही भुकटी होऊन फोनच्या पोटात वीज साठवत बसली. एकजण तर विमानाच्या इंजिनातल्या पात्यात मिसळला. मला एका पत्र्यातून कापलं, कडा गुळगुळीत केल्या आणि पाकिटात बंद केलं. पाकिटात पडल्या पडल्या मी एकच विचार करायची, आपल्या वाट्याला काय येणार?

माझ्या वाट्याला ही बाई आली. ती बंदरावर क्रेन चालवायची. उंचावरच्या काचेच्या केबिनमधून ती जहाजातल्या घराएवढ्या पेट्या उचलायची आणि अलगद ट्रकवर ठेवायची. खाली उभा राहून हातांनी इशारे करायचा तिचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला या कामावर लावलं होतं.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. एके दिवशी क्रेनचा सरळ दोर तिला मध्येच वाकलेला दिसला. तिने काच पुसली. दोर वाकडाच. उजवा डोळा झाकला, तर सरळ. डावा झाकला, तर पुन्हा वाकडा. काम जाईल या धास्तीने ती गप्प बसली. घरी भावालाही बोलली नाही.

मग एका सकाळी पेटी खाली येत असताना वायरलेसवर भावाचा आवाज आला.

"ताई, थांब. कधीचा हात वर केलाय मी."

"दिसला नाही रे."

पेटी त्याच्या डोक्याच्या जरा वरच थांबली होती. तिने ती वर घेतली, रिकाम्या जागी ठेवली आणि शिडी उतरून खाली आली. भाऊ रागावला नाही. तिला थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"डोळ्याच्या पडद्याखाली गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक तर डोळा काढायचा, नाहीतर किरणांनी गाठ जाळून बघायची. पण नेम धरायला खुणा लागतात. घर बांधण्याआधी जमिनीत खुंट्या ठोकतात ना, तशा."

"आणि नेम चुकला तर?"

"तुम्ही डोळा हलवला नाहीत, तर आम्ही चुकू देणार नाही."

"मग ठोका खुंट्या," ती म्हणाली.

भूल दिल्यावर खोलीतले दिवे मंद करून डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यातून प्रकाश सोडला. डोळ्याच्या मागच्या बाजूवर गाठीची काळी सावली उमटली. त्या सावलीच्या कडेने आम्हा चार चकत्यांना बारीक टाके घालून शिवलं. आम्ही जड, त्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रात ठसठशीत दिसतो. गाठ दिसत नाही, पण आम्ही कुठे आहोत त्यावरून ती नेमकी कुठे आहे हे कळतं.

किरणांचा दिवस आला. डोकं साच्यात घट्ट बसवलं. समोर एक बारीकसा लाल दिवा होता, त्याच्याकडेच बघत राहायचं. पण डोळा काही केल्या ठरेना. भीतीने तो सारखा थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. चित्र घेतलं की आम्ही जागेवरून सरकलेल्या. यंत्रावरचा माणूस पुन्हा पुन्हा थांबत होता. शेवटी त्याने भावाला काचेमागच्या आपल्या खोलीत बोलावलं आणि माईक त्याच्या हातात दिला.

"ताई, समज पेटी हवेत लटकतेय," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "वारा सुटलाय. दोर थांबेपर्यंत नजर हलवायची नाही. तूच शिकवलंस मला."

मित्रांनो, डोळा थांबला. असा थांबला की मलाही आपण दगडातच आहोत असं वाटलं. किरण आले आणि गेले. मला काहीच जाणवलं नाही. माझं सगळं काम एवढंच होतं.

गाठ हळूहळू आकसली. डोळा वाचला, पण त्याची नजर धुरकट झाली. उंचीचा अंदाज चुकू लागला. क्रेन सुटली. "डोळा राहिला आणि हात रिकामे झाले," असं म्हणत ती बरेच दिवस घरात बसून होती. मग बंदरावरून बोलावणं आलं, नव्या चालकांना शिकवायला. आता तिच्या हाताखाली शिकलेले लोक तिथल्या बहुतेक क्रेन चालवतात. भाऊही त्यांतलाच एक.

इथे बसून मला काही दिसत नाही. तरीही डोळा कसा हलतो त्यावरून ती काय करतेय ते मी ओळखते. वाचताना तो टुणटुण उड्या मारतो. कुणी चूक केली की गरकन वळतो. झोपेत स्वप्न पडलं की नुसता धावत सुटतो. कुठे धावतो, ते जाणून घ्यायची मला फार हौस आहे, पण विचारणार कसं? टाके घातलेल्या दिवसानंतर माझी आठवण कुणी काढलेली नाही. पेशंट बरा झाला की खुंटीचं काय काम?

परवा सुट्टीच्या दिवशी भावाने तिला त्याच्या केबिनमध्ये नेलं. ती खुर्चीत बसली. डोळा बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरला, आणि मग थरथरला. अश्रू समोरून वाहतात, माझ्यापर्यंत येत नाहीत. पण थरथर येते.

"उतरूया?" भावाने विचारलं.

"बस जरा," ती म्हणाली.

मित्रांनो, डोळे दोन असतात, म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याच्या आड लपतं. अधूनमधून एकेक डोळा झाकून बघत जा. सरळ वस्तू वाकडी दिसली, तर ती गोष्ट मनात ठेवू नका. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा. मी शिवलेल्या जागी घट्ट आहे, मला गंज चढत नाही. पण डोळा माझ्यासारखा धातूचा नसतो.