गळ्यातला लोकरीचा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. रंगाने तपकिरी, मानेने आखूड, आणि बुडाशी एक बुडबुडा जन्मापासून अडकलेला. माझ्या पोटात काय आहे ते मला कळतं, पण सांगता येत नाही. देवाने मला तोंड दिलं, वाचा दिली नाही. त्यामुळे माझ्याकरवी एका पोरीचा घात झाला. तो ज्याने करवला तो माझा पहिला मालक होता, आणि हे मी अजून विसरलेले नाही.

भट्टीतून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्यात औषध भरतील आणि आपण दवाखान्यात मानाने उभ्या राहू. पण १९९१ साली पेंढ्यात गुंडाळून, एसटीच्या टपावर बसून मी भोरच्या बाजारपेठेत उतरले. लियाकतभाईंचं तिथे छोटं दुकान होतं. सुरमा, अत्तर, मेंदी, आणि हिवाळ्यात ग्लिसरीन-गुलाबपाणी. भाईंनी मला गरम पाण्याने दोनदा धुतलं, उन्हात पालथं घातलं, आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून माझ्या पोटावर चिकटवली: ‘ग्लिसरीन एक भाग, गुलाबपाणी तीन भाग. ओल्या अंगावर लावणे.’

शेवटची ओळ त्यांच्या बायकोची, इमामबींची होती. वजू, म्हणजे नमाजाआधीची हाततोंड-पाय धुणी, झाल्यावर अंग ओलं असतानाच त्या दोन थेंब लावायच्या. कारण साधं आहे. ग्लिसरीन म्हणजे पाण्याचं हावरं. ओल्या कातडीवर लावलं तर ते पाणी धरून ठेवतं. कोरड्या कातडीवर, कोरड्या वाऱ्यात नुसतंच चोपडलं तर बाहेर काही मिळत नाही म्हणून आतलंच पाणी ओढायला लागतं. चांगल्या वस्तूलाही वागवायची रीत असते.

पहिल्याच हिवाळ्यात मला कोंडाबाईंनी नेलं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वस्तीवर त्यांच्या मेंढ्या होत्या. बाजाराला आल्या की त्या मला पिशवीतून काढायच्या, भरून घ्यायच्या आणि परत न्यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. दुकानात माझ्यासारख्या वीस बाटल्या, म्हणून त्यांनी काळ्या लोकरीचा दोरा वळून माझ्या गळ्यात बांधला.

“ही माजी. हिच्यात दुसरं कायबी घालू नका, भाई,” त्या म्हणाल्या.

“घातलं तर हात झडतील माझे, आक्का,” भाई हसून म्हणाले.

कोंडाबाईंचं स्वतःचं ज्ञान काही कमी नव्हतं. मेंढ्या कातरायच्या दिवसांत लोकरीच्या ओशटपणाने त्यांचे हात लोण्यासारखे मऊ व्हायचे. एकदा त्यांनी भाईंना विचारलं, “मंग तुमचं पानी चांगलं का आमची लोकर?”

भाई म्हणाले, “आक्का, लोकरीचं ओशट म्हंजी भाटघरचं धरण. ते पाणी अडवतं. पर अडवाय आदी पाणी तर आलं पायजे का न्हाई? ते आणायचं काम माज्या बाटलीचं.”

किती नेमकं बोलले होते! मी तेव्हा अभिमानाने फुगले होते. असं बोलणारा माणूस फसवेल असं कुणाला वाटेल?

बारा हिवाळे गेले. कोंडाबाईंच्या वस्तीवर मी चुलीशेजारच्या फळीवर राहायचे. त्यांची नात प्रगती अक्षरं शिकली ती माझ्या चिठ्ठीवर. ‘ग्ली… ग्लिस… आजे, ह्ये लई अवघड हाय गं!’ म्हणत ती बोट फिरवायची. तिची कातडी जन्मजात कोरडी. थंडीच्या वाऱ्यात बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या. रोज हात धुऊन, न पुसता, आजी तिच्या बोटांना मला लावायची आणि भेगा मिटायच्या. ते हात मी जपले, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन.

२००४ साली प्रगती पाचवीत होती. गुरुजींनी तिला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवलं. या परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं. निवड झाली तर बारावीपर्यंत शिक्षण, नाही तर गावची शाळा संपली की मेंढ्या. परीक्षा फेब्रुवारीत भोरला होती. कोंडाबाई जानेवारीतच मला भरून घ्यायला दुकानात आल्या.

तोवर दुकान बदललं होतं. फळीवर शहरातून आलेल्या चकचकीत बाटल्या बसल्या होत्या. त्यांना म्हणे सीरम म्हणायचं. मी त्यांच्या पोटावरच्या याद्या वाचल्या. एकीच्या यादीत पाणी पहिलं आणि ग्लिसरीन दुसरं! म्हणजे नाव नवं, पण निघाली आमचीच भाची. दुसरीत मात्र सुगंध आणि स्पिरिट, ग्लिसरीन नावापुरतं. ती लावली की गार वाटायचं, झट्‌कन सुकायची, चिकटायची नाही. गिऱ्हाईक तिच्यावरच उड्या मारत होतं. मऊपणा दुसऱ्या दिवशी कळतो, गारवा मात्र लगेच कळतो.

भाईंनी मला हातात घेतलं. दोऱ्याकडे पाहिलं. मग मागच्या डब्यातून माझ्यात काहीतरी ओतलं आणि मी शहारले. अर्ध्याहून जास्त स्पिरिट होतं! वर गुलाबाचा वास, आणि ग्लिसरीन चमचाभर. मी ओरडायला तोंड उघडं ठेवून होते. त्यांनी बूच लावून ते बंद केलं.

चिठ्ठी मात्र तीच राहिली. त्यांच्याच अक्षरातली, बारा वर्षांची.

वस्तीवर पहिल्या रात्री प्रगतीने हात ओले केले आणि मला उपडं केलं. “आजे, झोंबतंय.”

“भेगंत गेलं आसंल. लाव, बरं वाटंल.”

चार दिवसांनी भेगा वाढल्या. आजी म्हणाली, “वारा लई हाय औंदा. जरा जास्त लाव.” आठवड्याने आणखी जास्त. बोटं जितकी फाटत गेली, तितका माझ्यावरचा भरवसा वाढत गेला. एकदा प्रगतीला शंका आली. तिने चिठ्ठी पुन्हा वाचली, सगळी, न अडखळता. “बरोबर हाय, आजे. त्येच लिवलंय,” ती म्हणाली आणि पुन्हा लावलं. मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. मी फळीवरून पडलेसुद्धा नाही.

परीक्षेच्या दिवशी अर्ध्या पेपरात तिच्या उजव्या हाताची दोन पेरं उलली. पेन्सिल धरवेना. शेवटचे अकरा प्रश्न तसेच राहिले. तिथून आजी तिला थेट दुकानात घेऊन आली. पोरीची बोटं चिंधीत गुंडाळलेली होती. मला त्यांनी फळकुटावर ठेवलं.

इमामबींनी बूच काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. “ह्यात इस्पिरिट हाय. तुमी घातलंय?”

भाई खाली मान घालून म्हणाले, “लोक चिकट चिकट म्हणत व्हती. नव्या बाटलीपुढं आपलं कोण घेईना. ह्ये समद्यांना आवडलं. कुणाची तक्रार न्हाई.”

“मग चिठ्ठी का न्हाई बदलली?”

भाई फडक्याने फळकुट पुसायला लागले. मित्रांनो, उत्तर मी सांगते. चिठ्ठी बदलली असती तर कोंडाबाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतली असती आणि मला तिथेच ठेवलं असतं. हे भाईंना ठाऊक होतं, म्हणूनच ती बदलली नव्हती.

“आना हिकडं, आक्का,” भाई घाईघाईने म्हणाले. “धुऊन देतो. चोख ग्लिसरीन भरून देतो.”

कोंडाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “आता अमृत भरलं तरी म्या कसं वळखू, भाई? मला वाचता येत न्हाई. म्या तुमाला वाचत व्हते.”

मग त्यांनी माझ्या गळ्यातला दोरा सोडला. गाठ बारा वर्षांची, घट्ट झालेली, पण त्यांनी ती दातांनी सोडवली, कापली नाही. दोरा कनवटीला खोचला, प्रगतीचं मनगट धरलं आणि त्या निघून गेल्या. मी त्यांची होते, तरी मला तिथेच सोडून गेल्या. त्यांचा मला राग येत नाही.

जूनमध्ये यादी लागली. प्रगतीचं नाव नव्हतं. तिची बोटं बरी झाली, असं इमामबी म्हणाल्या. आजीने ओल्या हातांवर लोकरीचं ओशट चोळलं म्हणे. आता ती मेंढ्यांमागे असते. कोंडाबाई बाजाराला येतात, पण पलीकडच्या अंगाने जातात.

भाईंनी नंतर सगळ्या बाटल्यांवर नवी, खरी चिठ्ठी लावली. माझ्यावरची जुनी मात्र इमामबींनी काढू दिली नाही. त्यांनी मला रिकामी धुऊन गल्ल्याशेजारी ठेवलं आहे, भाईंच्या डोळ्यांसमोर.

म्हणून विनवते, मित्रांनो, अंगाला काही लावाल तर आत काय आहे ते वाचा. गारव्याला आणि वासाला भुलू नका. झोंबत असेल तर चिठ्ठीवर नाही, आपल्या कातडीवर विश्वास ठेवा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी दुकान टाकलं, तर आतलं बदलाल त्या दिवशी बाहेरचंही बदला. तुमच्यासमोर एखादी बाई उभी असेल. तिला वाचता येत नसेल, आणि ती बाटलीकडे बघतही नसेल. ती तुमच्या तोंडाकडे बघत असेल.